गाडीला कूलर लावणारा विनायक

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. पाइप तसाच हातात राहिला, अंगणभर पाणी झालं... त्याला जाऊन आता महिना होत आला, पण त्याच्याबद्दल सांगायला बसलो की रडण्याआधी हसूच फुटतं. काय माणूस होता! वर्ध्याच्या एकाच शाळेत आम्ही नोकरी केली, सोबतच निवृत्त झालो. तो विज्ञान शिकवायचा, हे आधीच सांगून ठेवतो.

निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनी गाडी घेतली, ती एकाच कारणासाठी. त्याची मोठी बहीण, सुशीलाताई, तळेगावला एकट्या राहतात. दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचं म्हणजे जायचंच, आणि बरेचदा मला ओढून न्यायचं. ऐन मे महिन्यात गाडी तापू लागली, तर या पठ्ठ्यानं काय करावं? घरच्या कूलरची वाळ्याची ताटी कापली, रेडिएटरसमोर बांधली आणि वर पाणी शिंपडलं! "घर थंड होते, तं गाडी काऊन नाई होणार?" आम्हा वैदर्भीयांचा कूलरवर देवाइतका विश्वास. मीही मान डोलावली. आर्वीच्या पुढे तापमानाचा काटा वर चढला, मी थांब म्हणालो, तर म्हणतो, "ताई जेवायची थांबली असंन." शेवटी बॉनेटमधून वाफेचा असा लोट निघाला की समोरचा रस्ता दिसेना!

मग गॅरेजच्या वाऱ्या. एकानं बॉनेटला हात न लावताच निकाल दिला, "काका, इंजन गेलं. नवीनच टाका लागते." दुसऱ्यानं नुसता कान लावला आणि पंप, रेडिएटर सगळंच बदला म्हणाला. तिकडून पुण्याचा मुलगा फोनवर, "बाबा, भंगारात द्या ती गाडी. या वयात हवी कशाला?" विनायकानं फोन ठेवून दिला. मग मला म्हणाला, "अरे, गाडी गेली तं माह्या रविवार गेला ना बे..."

दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा पहिल्याच गॅरेजात! स्टूल ओढून बसला. "हेड खोल अन् मले दाखव. पाह्यल्याबिगर मी हालत नाई." मेकॅनिकनं कुरकुरत हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, खोललं. पॅकिंग जळलेलं, हेड जरासं वाकलेलं, बाकी इंजिन शाबूत! रेडिएटरसमोर मात्र वाळलेली, धुळीच्या चिखलानं गच्च भरलेली ताटी. वारा आत शिरणार कुठून? "हे कोनं भरलं?" मेकॅनिकनं विचारलं. विनायकानं मांडीवर थाप मारली, "मीनं! विज्ञानाच्या मास्तरनं! तू इंजन चुकीचं सांगतलं, मी कूलर चुकीचा लावला. फिट्टंफाट!" अख्खं गॅरेज हसलं. खर्च झाला, चांगला घाम फुटेल इतका झाला. पण त्या रविवारी तळेगावच्या वेशीपासून ताईच्या दारापर्यंत हा माणूस हॉर्न वाजवत गेला!

त्याच्या मुलाला विचारून मागच्या रविवारी ती गाडी घेऊन मी एकटाच तळेगावला गेलो. आवाज ऐकून ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी तांब्या मागे घेतला. "आधी तिले थंड होऊ दे, तिचं पाणी पाह्य. मंग तू पेजो. इंजन सुधरलं तवापासून विनायक असाच करे..." घसा कोरडा पडला होता, तरी मी बॉनेट उघडलं. ताई तांब्या धरून शेजारी उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोघं गाडी थंड व्हायची वाट पाहू लागलो.