हिरो जेवल्याशिवाय डबा उघडायचा नाही

अकरा जानेवारी, रविवार. अमरावतीच्या आमच्या घरी मी सोलेभातासाठी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि दाराशी खुर्ची टाकून माझ्या नणंदेचे यजमान दाणे मोजल्यासारखे बघत होते. पडद्यावरचा माणूस जेवल्याशिवाय स्वतः घास न घेणारा असा प्रेक्षक पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्यांच्यासोबत सिनेमाला जाऊन उपाशी परतलेली बाई म्हणून सांगते.

भाऊजी अकोल्याचे. जन्म कापसाच्या जिनिंगच्या नोकरीत गेला, जंगलाशी संबंध शून्य. एकदा मेळघाटात लग्नाला गेले तर जेवणाच्या पंगतीपुरते जीपमधून उतरले. पण कोणी बर्फात, वाळवंटात, जंगलात अडकलाय आणि मागे बंदूकवाले लागलेत असा सिनेमा लागला, की हे पहिल्या आठवड्यात हजर. गळ्यात मफलर, खिशात बॅटरी, आणि नणंदेच्या पर्समध्ये लपवून डबा. त्यांच्या आईचा नियम होता, दारात उपाशी माणूस असेल तर घरच्यांनी ताटावर बसायचं नाही. आईमागे हा नियम त्यांनी थेटरात नेला. अकोल्याला एका सिनेमात हिरो मध्यंतर होऊन गेलं तरी उपाशीच फिरत होता. शेवटी त्याने सरडा भाजून खाल्ला. भाऊजींनी त्याच क्षणी डबा उघडला. ठेच्याच्या वासाने पुढची अख्खी रांग शिंकायला लागली. "सरडा तर सरडा! पोटात गेलं ना त्याच्या?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर भाकर ठेवली. मी तर थक्कच झाले होते, भाकर मात्र खाल्ली.

या खेपेला ते सिनेमासाठी आलेले नव्हते. सोमवारी सकाळी त्यांची अँजिओप्लास्टी होती. याआधी दोनदा ठरली आणि दोनदा भाऊजी पसार झाले. दुसऱ्या वेळी तर नणंद आत नाव लिहून देत होती तेवढ्यात हे दवाखान्याच्या फाटकातून बस स्टँडवर, आणि तिथून थेट अकोला. आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा टाळलं तर जीवावर बेतेल. "हातातून तार घालतात अन काळजापर्यंत नेतात म्हणे, वहिनी. मी काय बिजलीचा बोर्ड आहो?" असं सकाळपासून चाललं होतं. शेवटी त्यांनी अट घातली, "दुपारी जंगलाचा पिच्चर दाखवा, मंग उद्या येतो." मी डॉक्टरांना फोन केला. जिने चढू नका, बाकी बसून बघायला हरकत नाही, म्हणाले. सोलेभात डब्यात भरला आणि आम्ही तिघं निघालो.

सिनेमात बर्फाळ जंगलात विमान पडलं आणि एकटा हिरो वाचला, मागे बंदूकवाले आणि पोटरीत त्यांची गोळी घेऊन. भाऊजींचं सुरू झालं. नदीचा प्रसंग त्यांना पसंत पडला. "पाणी पाहूनच मले थंडी वाजून राहिली," म्हणून मफलर कानावर ओढला. पण इतके दिवस जंगलात राहून दाढी तेवढीच कशी? गोळी लागल्यावर माणूस लंगडेल की झाडावर चढेल? आणि मुख्य म्हणजे, "याले घरून कोणी फोन काहून नाही करत? आमच्याकडं मानूस जेवाले नाही आला तं अर्धी गल्ली शोधाले निंगते!"

मागून एक जण म्हणाला, "काका, त्याले ऐकू नाही येत."

"तुले तं येते ना? मंग तू ऐक!"

मग गुहेचा प्रसंग आला. अंधार, बाहेर बंदूकवाले, आणि तो एवढा आडदांड हिरो गुडघ्यात डोकं घालून आईला हाका मारायला लागला. थेटर हसलं. मीही हसले असते, पण शेजारी भाऊजी उभे राहिले. "हासता काहून रे, पोट्टेहो? भेव लागते मानसाले!" आवाज थरथरत होता. या माणसाला कशाची भीती वाटत असेल, असं वीस वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं. दवाखान्यातून पळणं म्हणजे निव्वळ हट्ट, असंच धरून चालले होते.

शेवटी हेलिकॉप्टर आलं, हिरोला घेऊन उडालं आणि दिवे लागले. भाऊजी जागचे हलेनात. पडद्यावर नावं संपली, झाडूवाला आला, तरी बसलेलेच. "जेवला नाही तो," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच डबा भरलेला घरी परतला.

घरी ताट वाढलं तर बाजूला सारलं. मी चिडले. "भाऊजी, शूटिंग संपून तो कधीचाच जेवला असेल."

"आपल्याले दिसलं नाही ना." मग ताटाकडे बघत म्हणाले, "वहिनी, उद्या मी नाही येत." नणंदेच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "आत आपलं कोणी नसते ना?"

"नाही."

"अन बाहीर?"

"बाहेर आम्ही दोघी. तुम्ही येईपर्यंत."

त्यांनी ताट ओढलं. सोलेभात गार झाला होता. गरम करू का विचारलं तर नको म्हणाले आणि सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याचं फाटक अडवून उभी राहिले, पण ते पळाले नाहीत. दवाखान्याच्या हिरव्या झग्यात, मफलर काढून ठेवल्यामुळे उघड्या पडलेल्या बारक्या मानेने, चाकाच्या खाटेवरून त्यांनी विचारलं, "डबा आणला?" मी पिशवी उंच करून दाखवली. दार बंद झालं. बराच वेळ गेला. नणंद म्हणाली, "चहासुद्धा नाही घेतला तू. दोन घास खाऊन घे वं."

"आधी त्यांना जेवू द्या, ताई," म्हटलं, आणि डबा मांडीवर घेऊन त्याचं झाकण आणखी घट्ट दाबलं.