थंड दाखवणारा काटा

वडिलांची गाडी जुनी विलायती होती. गिरणीतले बदली कामगाराचे काम सुटल्यावर त्यांनी ती घेतली आणि स्टँडबाहेर भाड्याने लावली. आमचे घर त्या एका गाडीवर चालत होते. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते.

गाडीचा लाकडी डॅशबोर्ड सोलापूरच्या उन्हाने खाल्ला होता. वरचा पापुद्रा सुटला होता, खालचे लाकूड भुसभुशीत झाले होते. खड्डा आला की वेगाचा मीटर भोकातून निसटून पुढच्या प्रवाशाच्या मांडीवर येई. मैंदर्गीच्या एका व्यापाऱ्याने तो अक्कलकोटपर्यंत हातात धरून नेला. उतरताना तो म्हणाला, "मालक, भाडं कुणी कुणाला द्यायचं? गाडी मीच धरून आणली की."

नवा बोर्ड करायचे थोरल्या काकांनी अंगावर घेतले. काका गिरणीत जॉबर होते, म्हणजे अडलेले माग चालू करून देणारे. वडील त्यांना आण्णा म्हणत आणि त्यांच्यासमोर खाटेवर बसत नसत. शेजारच्या विणकरांचा एक हातमाग मोडीत निघाला होता. त्याची सागवानी फळी काकांनी आणली, रंधा मारून गुळगुळीत केली आणि मीटरांची भोके कोरली.

जुना बोर्ड काढताना एक अडचण आली. पाण्याची उष्णता दाखवणाऱ्या मीटरमागून तांब्याची एक बारीक तार निघून इंजिनात गेली होती. इंजिनाकडचा नट गंजला होता, सुटेना. काकांनी पक्कड घेतली आणि तार कापली. क्षणभर दवाखान्यासारखा वास आला.

"आण्णा, हे काय तुटलं?" वडिलांनी विचारले.

"तुटलं न्हाय, तोडलं. जोडतो की परत. आयुष्य गेलं माझं तुटलेलं जोडण्यात."

नवा बोर्ड बसल्यावर त्यांनी दोन्ही टोके घासली, एकमेकांना पीळ दिला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. सांधा इतका सफाईदार होता, की बोट फिरवले तरी लागत नव्हता. गिरणीत सुताची टोके अशीच सांधत.

त्यानंतर काटा थंडवरच राहू लागला. आधी काटा चढला की वडील मोहोळच्या अलीकडे एका विहिरीपाशी गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी घालत. आता थांबायचे कारण उरले नव्हते. "आण्णांचा हात लागला, तर इंजिनसुद्धा गार झालं," ते आईला म्हणाले. त्या दिवसांत ते जेवताना बोलत असत.

मे महिन्यात टेंभुर्णीच्या एका लग्नाचे भाडे मिळाले. गाडीत नवऱ्या मुलाचे मामा आणि घरची माणसे, टपावर भांडी. ऊन चढले होते. मोहोळ ओलांडल्यावर जळका वास आला. मामांनी विचारले तेव्हा वडिलांनी काट्याकडे बोट दाखवले. थोड्या वेळात इंजिनातून ठोके ऐकू आले आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. बॉनेट उघडवेना इतके तापले होते.

"काटा तर थंड म्हणतोय की अजून," मामा म्हणाले. "लई शांत स्वभावाचा हाय."

कुणी हसले नाही. वऱ्हाड दुसऱ्या वाहनाने गेले. गाडी एका ट्रकने ओढून सोलापुरात आणली.

मेकॅनिकने आधी इंजिन खोलले. आतले सगळे एकमेकांना चिकटले होते, दुरुस्तीत अर्थ नव्हता. मग त्याने बोर्डाखाली हात घालून तो सांधा बाहेर ओढला आणि चिकटपट्टी सोडली. "ये तार नै, भाई. नळी है. इसमें करंट नै रहता, दवा रहती. नळी काटी तो दवा उड गई, अब काटा हिलताच नै. किसने किया?"

वडिलांनी त्या सांध्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "मीच."

मी शेजारी उभी होते. घरी जाताना त्यांनी एवढेच सांगितले, की हे आण्णांना कळता कामा नये.

गाडी भंगारात गेली. वडील एका ट्रकमालकाकडे ड्रायव्हर म्हणून लागले आणि महिन्यातले बरेच दिवस घराबाहेर राहू लागले. मी कॉलेज सोडून एका छापखान्यात प्रुफे तपासू लागले.

दिवाळीला काका घरी आले. पाहुण्यांसमोर गाडीचा विषय निघाला. "बोर्ड असा बसवला होता, की पुण्यातसुद्धा कुणी बसवणार न्हाय," काका म्हणाले. "पण पाणी न बघता पळवली ह्यानं. इंजिन म्हंजे जीव असतो की रे. एवढं कळाय नको?"

आईने माझ्याकडे पाहिले. वडील जमिनीवर बसले होते.

"व्हय आण्णा, चुकलंच."

"जाऊ दे. दुसरी घे. तिचाबी बोर्ड मी करून देतो."

"बघू की," वडील म्हणाले आणि काकांच्या ताटात चकली वाढायला आईला सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते ट्रकवर गेले. गाडी त्यांनी पुन्हा कधी घेतली नाही.