आडवं बोट, उभं बोट

कपडे शिवणाऱ्या माणसाचं बोट आडवं असतं. कंबरेला एक बोट सैल, गळ्याला दोन बोटं मोकळी. मास्तरांची सगळी हयात या मापात गेली. त्यामुळे माशांच्या दुकानदाराने नाकातून "तळाला बोटभर वाळू घाला, बरं का!" म्हटलं, तेव्हा त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. घरी येऊन नव्या टाकीत वाळू पसरली, आडवं बोट लावून पाहिलं. इस्त्री मारल्यासारखी सपाट!

टाकी खाऱ्या पाण्याची. तिच्यात एकच मासा, हळकुंडाएवढा पिवळ्या. लेक परगावी शिकायला गेली आणि तो आईबापाच्या गळ्यात पडला. जुनी टाकी गळायला लागली म्हणून ही नवी. पिवळ्याची झोपायची तऱ्हा न्यारी होती. दिवा मालवला की तो वाळूत सूर मारायचा आणि गडप व्हायचा.

त्या संध्याकाळी त्याने सूर मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. वाळूखाली लगेच काच.

सकाळी त्याचं तोंड सोलवटून पांढरं पडलं होतं. दाण्याकडे तो ढुंकून बघेना.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, पिवळ्या काय करतोय?"

"झोपलाय गं," म्हणून आईने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "पोरीशी खोटं बोलले तुमच्यापायी! बिचाऱ्याला चादर दिलीत अंथरायला. गादी कुठंय?"

मास्तर चपला अडकवून दुकानात धावले.

"अहो मास्तर, बोट उभं धरायचं, उभं!" दुकानदाराने कपाळावर हात मारला. "तीन इंच. त्याहून खोल नको. खाली घाण कुजते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, बरं का. आणि तो खायला लागला तरच वाचला म्हणायचं."

मास्तर बादलीत वाळू धूत बसले. धुतलेली वाळू नरसाळ्यातून, नळीने, हळूहळू तळाशी सोडली. तरी पाणी दुधाळ झालंच.

"अजून घाला की. कंजुषी कसली!"

"अगं, जास्त झाली तर सडेल."

"कमी झाली तेव्हा काय झालं ते पाहिलंच!"

मास्तरांनी बोट उभं धरलं, पेरं मोजली आणि हात आवरला. पाणी निवळलं. पिवळ्या दिसेना.

"उकरून बघू का?" त्यांचा हात पाण्यात गेलाही.

बायकोने मनगट धरलं. "पहिल्यांदा टेकलाय तो. राहू द्या."

दुपारी वाळू हलली. पिवळं डोकं वर आलं. तोंड तसंच पांढरं. समोर दाणा तरंगत होता. पिवळ्याने तो पाहिला, पुन्हा पाहिला आणि वाळूत शिरला.

बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मास्तरांनी ओले हात पुसले, टेप गळ्यात टाकली.

"मास्तर, कंबरेला एक बोट सैल ठेवा."

मास्तरांनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आडवं की उभं?"