चालूच आहे, अक्का

अंबक्का कानात सांगायच्या ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. अकलूजहून बदली होऊन मी त्यांच्या माडीवर भाड्याने आले, त्या दिवशी जिन्याखालून आवाज आला, "मास्तरीणबाई, हळू बोलणारी माणसं लई धोक्याची असतात की! माझ्या घरात मोकळं बोलायचं!" मी दचकलेच.

घरात त्यांची भाषा तेलुगू, माझ्याशी मात्र अस्सल सोलापुरी मराठी. डब्यात काय, माझा नवरा एवढा गप्प का, सगळ्या चौकशा त्यांना हव्या. कधी कधी वैताग यायचा. पण मी तापाने फणफणले तेव्हा "गिळा की गुमान!" म्हणत मला पेज पाजली ती त्यांनीच.

गेल्या डिसेंबरात अक्कांच्या छातीत बसलेली सुताची धूळ उठली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं. मुलगा नरसू भिवंडीहून निघाला होता. मला नाताळची सुट्टी, म्हणून मी खाली त्यांच्याजवळ बसले. ख्रिसमस होऊन दोन दिवस झालेले आणि भर थंडीत अवेळी पाऊस लागलेला. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

अक्कांचं बोलणं ऐकायला तोंडाशी कान न्यावा लागत होता.

"चालू," त्या म्हणाल्या.

"हो अक्का, चालूच आहे," मी मशीन दाखवलं.

त्यांनी नाकातली नळी ओढली. मी परत बसवली.

"चालू, चालू..."

"अहो चालूच आहे, घाबरू नका!"

दुपारभर हेच. शेवटी मी चिडले आणि त्यांचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, धाप लागली म्हणून.

संध्याकाळी नरसू चिंब भिजून आला. "आई काही बोलली का, मॅडम?"

"मशीन चालू आहे ना, एवढंच सारखं विचारतायत."

तो आईच्या तोंडाशी वाकला. ऐकलं, आणि मटकन खालीच बसला.

"मॅडम, आमच्या तेलुगूत चालू म्हणजे पुरे."

देवा, मी त्यांचे हात धरून बसले होते! नरसू उठून बटणापर्यंत गेला आणि परत आला. "माझ्याच्यानं नाही होत," म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला. मी मान खाली घातली. अक्कांचे ओठ पुन्हा हलले. आता दोघांनाही शब्द कळत होता आणि आम्ही दोघं धडधाकट माणसं नुसती बसून होतो.

अक्का दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. मशीन शेवटपर्यंत चालूच होतं.