गुंडीचे रिकामे फुगे

प्रभाकरअण्णा माणूस काढायच्या आधी फुगा काढायचे. चित्रकथेतल्या पात्रांच्या डोक्यावर बोलण्याचे गोल असतात ना, तो फुगा. कोऱ्या चौकटीत आधी फुगा, मग त्याची शेपटी, आणि त्या शेपटीच्या टोकाशी हळूहळू एक तोंड उगवायचं, तोंडाभोवती माणूस. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "अहो अण्णा, हे म्हणजे बाळाच्या आधी बारसं झालं!" मान वर न करता ते म्हणाले, "आधी बोलायला जागा द्यायची बाई, मग माणूस. जागाच नसली तर माणूस नुसता उभा राहून करणार काय?"

आमची ओळख झाली ती फळ्यामुळे. आमच्या या कन्नड मुलखातल्या गावात, लॅमिंग्टन रोडजवळच्या मराठी शाळेत मी शिकवत होते. मुलीला पहिलीत घालायला आलेला हा किडकिडीत गृहस्थ मुलीला विसरून फळ्यासमोर उभा राहिला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं. का, काही चुकलं?"

"चुकलं नाही. मला पाहिजे."

शेजारच्या वर्गातल्या बाई हसून हसून बेजार झाल्या. मला राग आला होता, तो दुसऱ्या दिवशी कागदांची गुंडाळी घेऊन ते घरी आले तेव्हा उतरला. त्यांचं घराणं मूळ मिरजेकडचं, इथल्या दुर्गदबैल बाजारात बटणं, दोरे आणि लेस विकणारं. दुकान भाऊ बघायचा. अण्णा शिकले कन्नड शाळेत. घरात मराठी फाडफाड बोलायचे, पण लिहायला बसले की वेलांट्या वाटेल तिकडे तोंड करून बसायच्या. त्यांच्या चित्रकथेची तीच चित्रं इथल्या कन्नड साप्ताहिकाला जायची आणि तिकडे एका मराठी मुलांच्या मासिकालाही. कन्नड फुगे ते स्वतः भरायचे आणि मराठी फुगे मी. असं आमचं बिऱ्हाड बावीस वर्षं चाललं.

चित्रकथेतली पोरगी आठ वर्षांची. फ्रॉकची एक गुंडी कायम तुटलेली, म्हणून नाव गुंडी. दोन वेण्या, एक कानाच्या वर आणि एक कानाच्या खाली. वाचकांना वाटायचं, काय गंमतशीर कल्पना आहे चित्रकाराची! कल्पना कसली डोंबलाची. त्यांची बायको मुलगी तीन वर्षांची असताना तापानं गेली, तेव्हापासून मुलीच्या वेण्या अण्णाच घालायचे. तशाच यायच्या त्यांना. मुलीचं नाव वैजयंती, आमची वैजू.

वैजू शाळेतून यायची आणि दप्तर टाकायच्या आधी बोलायला लागायची. अप्पा, आज असं झालं. अप्पा, ती मला अशी म्हणाली. अण्णा काम थांबवून ऐकायचे. पण त्यांची नजर बदललेली मला कळायची. हा बाप ऐकतोय की चित्रकार, असा प्रश्न पडायचा मला. पडायचा आणि मी गिळायची. कारण दर महिन्याला मलाही वाटायचं की गुंडीची गंमत फक्कड व्हावी.

वैजू चौथीत असताना स्नेहसंमेलनात राणी झाली होती. पडदा वर गेला, समोर एवढी माणसं, आणि पोर घाबरली. मी विंगेत संवादांची वही धरून उभी होते. मला दिसलं ते इतकंच की अण्णा मागच्या बाजूने धावत आले, वैजूला कडेला ओढलं आणि पाण्याचा अख्खा तांब्या तिच्या झग्यावर उपडा केला. वर मोठ्यानं ओरडले, "अय्यो, माझ्या हातून सांडलं की ओ!" मी त्यांच्यावर खेकसले. चांगला भाड्याचा झगा भिजवला म्हणून चारचौघांत बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि वैजू त्यांचं बोट घट्ट धरून उभी होती.

पुढे तीन-चार महिन्यांनी मासिकाचे निरोपावर निरोप आले, आणि अण्णांना विषय सुचेना. मोकळ्या चित्रकाराचं हेच मरण. वर साहेब नाही, पण रजाही नाही. ते म्हणायचे, "दुकानात माल नसला की घरातली भांडी विकायला काढायची, तसं आहे आमचं." त्या महिन्यात त्यांनी ते भांडं काढलं. गुंडी राणी झालीय, रंगमंचावर उभी आहे आणि भीतीनं पायाशी थारोळं झालंय. कागद माझ्यासमोर आला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो तांब्या कशासाठी उपडा केला होता.

आणि मी काय केलं? हसले. खोटं कशाला सांगू, खदखदून हसले. अण्णांनी लिहिलेलं वाक्य मला मिळमिळीत वाटलं, म्हणून मी ते सुधारलं. गुंडीच्या फुग्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, "प्रजाजनहो, पाऊस पडला, आता दुष्काळ संपला!" अण्णा म्हणाले, "भारी झालं की बाई."

मासिक शाळेत यायचं. वर्गातल्या पोरांना सांगावं लागलं नाही. वर्षभर ती वैजूला 'दुष्काळ' म्हणत होती. मी दोघांना छड्या दिल्या, तसं तिसरा म्हणायला लागला. ज्या दिवशी अंक आला त्या दिवशी वैजू घरी गेली, अंक अण्णांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अप्पा, पाणी तुम्हीच ओतलं होतं ना?" एवढंच. आत गेली. दुसऱ्या दिवसापासून आपल्या वेण्या आपण घालू लागली.

ती रुसली असती तर बरं झालं असतं, असं अण्णा नंतर म्हणायचे. ती रुसली नाही. शिकली, पुण्याला नोकरी धरली, लग्न केलं, सणावाराला येत राहिली. पण त्या दिवसानंतर तिनं बापाला स्वतःचं म्हणून काहीही सांगितलं नाही. "बाई, पोरगी रोज फोन करते," अण्णा म्हणायचे. "जेवलात का, गोळी घेतली का, पाऊस आहे का तिकडं. फोन करते, पण बोलत नाही. एकदा तरी म्हणू दे की, अप्पा, आज असं झालं!"

मग मासिक बंद पडलं. साप्ताहिकानं पानं कमी केली. लग्नातल्या पाहुण्यांची व्यंगचित्रं काढून द्यायचं काम होतं, तेही फोनवरच होऊ लागलं. अण्णा विद्यानगरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि उजवा हात कापायला लागला होता. त्याच हातानं त्यांनी आयुष्यातलं पहिलं पुस्तक काढायला घेतलं. कुणी मागितलेलं नव्हतं. चाळीस पानांची एकच गोष्ट, आणि तिच्यात गुंडी मोठी होत जाते. इतकी वर्षं आठाची नऊ न झालेली पोरगी पानापानाला वाढत होती. रेघ थरथरलेली, पण देवाशपथ सांगते, त्यांनी त्याहून चांगलं काही काढलेलं मी पाहिलं नाही.

मी आपली सवयीनं पेन काढून बसले. त्यांनी कागद मागे ओढला.

"बाकीचे भरा. गुंडीचे फुगे तुमच्यासाठी नाहीत."

"मग कुणासाठी? गुंडी मुकी आहे का?"

"जन्मभर तिच्या तोंडात मीच शब्द घातले. मी आणि तुम्ही. आता तिचं तिला लिहू दे."

पहिल्या पानावर पडद्यामागची जागा होती. रिकामा तांब्या घेतलेला बाप, भिजलेल्या झग्यातली पोर, आणि तिच्या डोक्यावर कोरा फुगा. मी विचारलं, "ती काही म्हणाली होती का तेव्हा?"

"म्हणाली होती. मला पाठ आहे."

"मग?"

"तेवढं तरी माझ्या हातून नको."

मी किती मागे लागले, अण्णा, पाठवून द्या तिला. ते म्हणायचे, शेवटचं पान हात स्थिर झाल्यावर नीट काढतो, मग पाठवतो. कधी म्हणायचे, "इरली बिडी बाई, असू दे. उगीच तिला जड व्हायचं." मला न विचारता टपालात टाकायला हवं होतं मी. एरवी कुणाला विचारून करते मी काही? गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि वाचा गेली. वैजू धावत आली. सहा दिवस उशाशी बसून होती. जेवलात का, गोळी घेतली का, हेही विचारायची सोय उरली नव्हती. अण्णा तिच्याकडे बघत राहायचे. सातव्या दिवशी सकाळी गेले.

तेराव्यानंतर मी ती कागदांची गुंडाळी तिच्या हातात दिली. सगळं सांगितलं. तिनं एकेक पान पाहिलं, पटपट नाही आणि सावकाशही नाही. मला राहवेना. म्हटलं, "तू नुसतं सांग, मी भरून देते. माझा हात अजून चांगला आहे."

"नको बाई," ती म्हणाली. "तुमचं अक्षर मी चौथीतच ओळखलं होतं. रोज फळ्यावर बघत होते की."

तीस वर्षं मला वाटत होतं की त्या फुग्यात माझा हात होता हे फक्त अण्णांना आणि मलाच माहीत आहे. ती गुंडाळी घेऊन पुण्याला गेली.

परवा तिच्याकडून फोनवर एक फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. पुस्तकाचं पहिलं पान होतं. अण्णांचा तो थरथरत्या रेघेतला तांब्या, आणि वरचा फुगा भरलेला. तिचं अक्षर शाळेत होतं तसंच, ओळ सोडून खाली घसरणारं. मी चष्मा पुसून वाचलं.

"अप्पा, कुणाला सांगू नका हं. बाईंनापण नको."