चौथी गन

आमचे बाबा गॅरेजात चौतीस वर्षं गाड्या रंगवत होते. तिथे सगळे त्यांना 'आरसा' म्हणत, कारण त्यांनी रंगवलेल्या दारात बघून लोक भांग पाडायचे. आमची स्वतःची गाडी मात्र अकरा वर्षं रंगाखालच्या राखाडी प्रायमरवरच उभी होती. "रिटायर झालो की हिचाच नंबर," असं बाबा आईला दर वर्षी सांगत आणि आई निमूटपणे हो म्हणे.

रिटायर झाले आणि उजवा हात थरथरायला लागला. घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. बाबा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे आणि आम्ही दुसरीकडे बघायचो.

गॅरेजची गन गॅरेजातच राहिली होती, म्हणून नवी स्प्रे गन घ्यायची ठरली. पहिली आणली ती खाली रंगाचं भांडं असलेली. मी हवेचा पाइप सांभाळला आणि बाबांनी पुठ्ठ्यावर पट्टा मारला. पट्टा वाकडातिकडा. "जड आहे ही," बाबा म्हणाले. दुसरी हलकी, वर भांडं असलेली. तिने नुसते ठिपके उडवले. "आपला कॉम्प्रेसर छोटा, हिला हवा पुरत नाही." हे निदान खरं तरी होतं. तिसरीचं म्हणे नॉझलच खराब. नॉझल कोरं करकरीत होतं. दुकानदार भला माणूस, धुऊन दिलेली गन दर वेळी बदलून देत होता. मला मात्र राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची. दुकानातल्या गन संपल्या की बाबा दोष कुणाला देणार?

चौथ्या वेळी बाबांनी मलाही सोबत नेलं. स्वतः एकाही गनला हात लावला नाही.

"हिच्या हातात द्या," ते दुकानदाराला म्हणाले.

जन्मात ज्यांनी आपल्या गनला दुसऱ्याचं बोट लागू दिलं नाही, ते हे म्हणत होते!

"बाबा, मला काय कळतंय त्यातलं?"

"बोट ट्रिगरवर नीट पोचतंय का? मनगट फिरव. अवघडतंय?"

"नाही."

"मग हीच. छोट्या कॉम्प्रेसरवर चालेल." मग हळूच म्हणाले, "माझा हात गेला गं. डोळे शाबूत आहेत अजून."

दुकानदार उगाचच खोकं शोधत बसला.

रविवारी सकाळी मी मास्क लावून बॉनेटसमोर उभी राहिले. पाइप खांद्यावर टाकून बाबा मागे. "वीतभर लांब धर. अर्ध्या पट्ट्यावर पुढचा पट्टा. थांबू नकोस." मी थांबलेच. रंगाचा एक जाड ओघळ सरळ खाली उतरला. मला रडूच कोसळलं. अकरा वर्षं वाट बघितलेली त्यांची गाडी मी घालवली होती.

बाबांनी वाकून ओघळ नीट पाहिला.

"माझ्या पहिल्या गाडीला सात होते," ते म्हणाले. "वाळू दे. मग घासू. चल, आता दार घे."