ब्लूज ऐकलं आणि भावाची पार्टी सोडली

ब्लूज हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते शिडीवर उभा असताना. शहरातल्या सदर भागात एका ख्रिस्ती मास्तरांच्या घरी चुना मारून राहिलो होतो. हे ब्लूज, असं म्हणत त्यांनी रेकॉर्ड लावली. एक गिटार, एक माणूस. एक ओळ म्हणे, तीच पुन्हा म्हणे, मग तिसरी टाकून मोकळा होई. इंग्रजी मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण हात थांबला आणि चुन्याचा ओघळ भिंतीवरून खाली गेला.

हा कोण, म्हणून विचारलं. अमेरिकेतला काळा माणूस, मास्तर म्हणाले. त्याच्या आजा-पणजाला गुलाम करून कापूस वेचायला लावत. आणि गाण्यात काय म्हणतो? दिवस मावळला तरी मालक सुटी देत नाही, एवढंच.

माझी माय सावनेरकडे पाटलाच्या वावरात कापूस वेचायची. वेचताना असंच काही म्हणायची, एक ओळ दोनदा. आम्ही ते गाणं समजलोच नाही. ते गाणं असतं हे मला त्या परक्या माणसानं शिकवलं.

काम संपलं तरी मी रविवारी मास्तरांकडे जात राहिलो. ते एकेक रेकॉर्ड लावत. एका बाईचा आवाज तर इतवारी बाजारातल्या हमालासारखा जाड होता. हसू यायचं, आणि मग यायचं नाही.

माय जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. तिच्या ओळीवर मी गाणं बांधलं. थोरल्या भावाची गायन पार्टी होती, मी त्यात मागे साथीला. जयंतीला हे एक गाणं मला एकट्याला म्हणू दे, असं त्याला म्हटलं. त्यानं सगळ्यांसमोर पूर्ण ऐकून घेतलं.

"रडगाणं हाय हे."

"मायचं हाय."

"मायचं हाय म्हणूनच नको म्हणून राहिलो. धम्मदीक्षा घेतली तवा हे सारं मागं टाकलं ना गा आपण? आता लोकायसमोर मायले पुन्हा त्या पाटलाच्या वावरात काहून उभी करून राहिला?"

मास्तरांकडच्या रेकॉर्डींचं मी त्यांना सांगितलं होतं. ढोलकीवाल्यानं विचारलं, "अमेरिकेले कधी जाऊन राहिला गा?" सगळे हसले. भाऊ हसला नाही, पण त्यांना गप्पही केलं नाही.

हे गाणं होईल, नाहीतर मी नाही, असं मी बोललो. मग जा, म्हणाला. मी गेलो.

पार्टी पुढे मोठी झाली, कॅसेटी निघाल्या. मायनं जे सोसलं ते सांगायला लाज कसली, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारायला गेलो नाही.

भाऊ वारला तेव्हा पार्टीवाले जमले, हार्मोनियम काढली. आता तरी म्हण तुझं, म्हणाले. ज्यानं नाही म्हटलं तोच ऐकायला नाही, मग तुम्हाला कशाला ऐकवू, असं तोंडावर सांगितलं आणि घरी आलो.